की-बोर्ड माइकच्या सॉकेटमधे लावू नका

संपादक साहेब, नमस्कार.

गणपती जवळ आले की तुमच्या पेपरमधे डेसिबलच्या बातम्या सुरू होतात, त्या यायलाच पाहिजे, पण आवाज फाटतो काहून यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी नागपूरच्या महाल भागात अ‍ॅम्प्लिफायर रिपेअरचं काम करतो.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या मंडळात एक पोरगी भजनाला की-बोर्डवर साथ करून राहिली होती. एक सूर दाबला की ठीक, तीन एकत्र दाबले की खर्रर्र. साउंडवाला म्हणे स्पीकर गेला. मग त्यानं मास्टर, म्हणजे सगळ्याचा एकत्र आवाज ठरवणारा नॉब, कमी केला तर आवाज लहान झाला, पण फाटका तो फाटकाच. पोरगी रडकुंडीला आली, तिला वाटलं आपलंच चुकून राहिलं. मी मागे जाऊन पाहिलं तर की-बोर्डची वायर सरळ माइकच्या सॉकेटमधे!

साधा डायनॅमिक माइक दोन-पाच मिलिव्होल्ट देतो, अन् की-बोर्डचं लाइन आउट, म्हणजे आवाज बाहेर काढायचं सॉकेट, 300 मिलिव्होल्टच्या आसपास, जोरात वाजवलं तर त्याहून कितीतरी जास्त. माइकच्या सॉकेटमागची पहिली स्टेज, म्हणजे सिग्नल मोठा करणारं पहिलं सर्किट, तो शंभरपट वाढवते, म्हणजे 300 मिलिव्होल्टचे 30 व्होल्ट व्हायला पाहिजे, पण सप्लायच 12 व्होल्टचा, मग लाटेचे शेंडे कापलेच जाणार, अन् आवाज फाटतो तो यानंच. मास्टरचा नॉब या स्टेजच्या नंतर येतो, तो कितीही फिरवा, कापलेलं परत येत नाही. माझ्या पिशवीत सोल्डरिंग होतं, 10 किलोओहमचा रेझिस्टर वायरच्या सिरीजमधे अन् 1 किलोओहमचा ग्राउंडला लावला (सिग्नल कमी करणाऱ्या या जोडीला पॅड म्हणतात), सिग्नल दहाव्या हिश्श्याच्याही खाली आला अन् पुढचं भजन एकदम स्वच्छ वाजलं. रुपया-दोन रुपयांचे रेझिस्टर, बर्डीच्या बाजारात कुठेही भेटतात.

व्हायोलिन-सतारीला चिकटवायच्या पिझो पिकअपचं, म्हणजे वाद्याची कंपनं पकडणाऱ्या चकतीचं, दुखणं वेगळं, त्याला एक मेगाओहमच्या वर रोध (इम्पिडन्स) असलेला इनपुट लागतो, नाहीतर खर्ज गायब होऊन आवाज पत्र्यासारखा येते.

मंडळवाल्या भावांनो, ऑर्डर देताना विचारा, लाइन इनपुट वेगळा आहे का, प्रत्येक चॅनलला गेन (पहिल्या स्टेजची वाढ ठरवणारा नॉब) अन् शेंडे कापले जायला लागले की पेटणारा क्लिपचा लाइट आहे का. वादकाला सगळ्यात जोरात वाजवायला सांगून लाइट पेटणार नाही इतका गेन आधी ठेवा, फेडर (चॅनलचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) नंतर. अन् आपल्या शहरात जे अ‍ॅम्प्लिफायर असेंबल करतात त्यांनी इनपुटला एक पॅड स्विच द्यावा, ही हात जोडून विनंती.

साहेब, जमलं तर मिक्सरच्या मागच्या बाजूचा फोटो छापा, कोणती वायर कुठं हे दाखवून. त्या पोरीला यंदाही साथीला बोलावलं आहे, मी तिच्यासाठी पॅडवाली वायर बनवून ठेवली आहे.

आपला,
एक रिपेअरवाला, महाल, नागपूर