अठरा पूर्ण झाली, आता राहायचं कुठे?

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

बालगृहातल्या मुलामुलींना अठराव्या वाढदिवसाची धास्ती वाटते. त्यानंतर तिथं राहता येत नाही.

कायद्यात सोय आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ नुसार संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक मदत देता येते. अनुरक्षणाचं, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराचं, वय २१ पर्यंत आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपयांची तरतूदही आहे. पण कलमात सक्ती नाही, त्यामुळे सगळं अधिकाऱ्याच्या तळमळीवर आणि निधी कधी येतो त्यावर अडून राहतं.

खोली बघायला गेलेल्या मुलीला घरमालक आधी विचारतो, "आईवडील काय करतात?" मग डिपॉझिट, मग ओळखीचं कुणीतरी. तिच्या आधार कार्डावर पत्ता बालगृहाचा. तो वाचला की खोली "कालच गेली" असते. शेवटी ती काहीच न विचारणाऱ्याच्या दारात जाते. असा आसरा देणारे कोण असतात, हे आपल्या खात्याला मी सांगायला नको. मुलांना तसाच ठेकेदार गाठतो: दोन वेळचं जेवण, गोदामात झोपायची सोय, पगाराचं नंतर बघू. आणि पुनर्वसन म्हणून मुलींची घाईघाईने लावलेली लग्नं तर मला सर्वांत जास्त खुपतात. डोक्यावर छप्पर हवं म्हणून कुणाला नवरा करावा लागू नये.

२०१८ मध्ये राज्याने अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण दिलं. फार मोठा निर्णय होता तो. पण भरतीच्या परीक्षेपर्यंत पोचायचं तर तोवर कुठेतरी निर्धास्त राहता आलं पाहिजे.

म्हणून मागणी एकच: शासनाने या मुलांचा जामीन राहावं. घरभाड्याच्या करारावर आईवडिलांच्या जागी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याची सही आणि शिक्का असावा, डिपॉझिट खात्याने भरावं. अनाथ प्रमाणपत्र, बँक खातं, शाळेचे दाखले सतराव्या वर्षीच पूर्ण करून मुलांच्या हाती द्यावेत. अनुरक्षण गृह प्रत्येक जिल्ह्यात हवं, मुलींसाठी वेगळं. किती जण बाहेर पडले आणि किती जणांना राहायची जागा मिळाली, याचे आकडे दरवर्षी सभागृहात मांडावेत.

येत्या महिन्यात अठरा पूर्ण करणारी मुलं आज आपल्या बालगृहांत आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करावी, ही विनंती.

आपली,
बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलींसोबत काम करणारी एक कार्यकर्ती