क्युसेक नको, पायरी सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुराचा निरोप गावाला कसा द्यावा, यावर लिहितो आहे. गेल्या हिवाळ्यात गावच्या भजनी मंडळासोबत रामेश्वरच्या यात्रेला गेलो होतो. वाटेत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नागपट्टणमला मुक्काम पडला. 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीत एकट्या या जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे गेली. जवळच्या वेलंकनीला नाताळासाठी आलेले कितीतरी भाविकही त्यात होते.

आज बंदरावर उभे राहिले तर इथे काही घडले असेल असे वाटत नाही. ट्रॉलर दाटीने लागलेले, बायांचा मासळीच्या भावावरून कल्ला. आमच्यातला एक ढिवर (मासेमार) गडी जाळी चाचपण्यात असा रमला की त्याला हाताला धरून गाडीत बसवावे लागले. किनाऱ्यापासून आत बांधलेल्या सुनामी वसाहतीत मात्र काही स्लॅबचे पापुद्रे सुटून गंजक्या सळया उघड्या पडल्या आहेत. खाऱ्या हवेत घर टिकवणे सोपे नाही, हे मान्य. तिथल्या एका म्हाताऱ्याने ड्रायव्हरमार्फत एवढेच सांगितले, "आम्हाला कोणी कळवलेच नाही."

ते माझ्या डोक्यात बसले. सुमात्राजवळ भूकंप झाला आपल्या घड्याळाने सकाळी साडेसहाच्या सुमारास. लाट तमिळनाडूला लागली नऊच्या आसपास. दोन तासांहून जास्त वेळ हाती होता. पुढे हैदराबादला सुनामी इशारा केंद्र उभारले गेले, 2007 पासून ते सुरू आहे.

मी लाखांदूर तालुक्यात वैनगंगेकाठी कोतवाल होतो. दवंडी देण्यात जन्म गेला, म्हणून हे लिहितो. 2020 च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, धरणांची दारे उघडली आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नदीने हाहाकार केला. मध्य प्रदेशातल्या शिवनीकडचे पाणी आमच्याकडे यायला त्या लाटेपेक्षा कितीतरी जास्त तास घेते. तरी आमच्या टोलीवर, म्हणजे वस्तीवर, निरोप आला तो रात्री, मोबाइलवर, रेंज नसताना. उजाडता गोठ्यात पाणी. दावणीची ढोरं सोडायलाही काहींना सवड झाली नाही. बांध्यांतला धान पाण्याखाली कुजला तो वेगळाच.

आणि निरोप तरी कसा? 'इतके क्युसेक विसर्ग, सतर्क राहावे.' क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, पण ते किती, हे टोलीवरच्या म्हातारीला कोण सांगणार? तिला सांगा, पाणी पहाटेपर्यंत मारुतीच्या तिसऱ्या पायरीला लागेल. ती बरोबर उठते.

दरवर्षी मृगाआधी प्रत्येक नदीकाठच्या गावात पुराच्या खुणा रंगवाव्यात आणि विसर्गाचा आकडा त्या खुणेत बदलूनच गावाला कळवावा. देवळाचा भोंगा बॅटरीवर चालेल असा करावा, कारण पुरात वीज सगळ्यात आधी जाते. आणि रात्री दवंडीला निघणाऱ्या कोतवालाला निदान एक चांगला टॉर्च द्यावा. मी माझ्या पैशाने घेत होतो.

एक निवृत्त कोतवाल,
ता. लाखांदूर, जि. भंडारा