लेकीने एम.सीएच. करावं का?

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा प्रश्न व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून मिटण्यातला नाही, म्हणून ओपीडी आटोपून लिहायला बसलो. चिऊचं एम.एस. झालं, आता कॅन्सर सर्जरीच करायची म्हणते. नीट-एसएसची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं एम.सीएच., म्हणजे एम.एस.च्या वरची पदवी, करावं की कुठे फेलोशिप धरावी? एमबीबीएसची साडेपाच, एम.एस.ची तीन आणि वर ही तीन. वहिनी बोटं मोजत असतील.

माझं मत एम.सीएच.च. पण नुसतं कॉलेजचं नाव बघून जागा धरू नकोस म्हणावं. तिथल्या सीनियर पोरांना विचार, शेवटच्या वर्षात सुरी कुणाच्या हातात असते आणि तेव्हा समोर बॉस उभा असतो का? ऑपरेशनांची नोंद ठेवायच्या लॉगबुकात ‘केलं’ आणि ‘असिस्ट केलं’ यांच्यातली रेघ किती पुसट असते, हे तुला मी काय सांगू! आपण दोघांनी जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरून काढलेल्या रात्री लॉगबुकात काय म्हणून उतरल्या, आठवतंय ना?

माझं पहिलं रेक्टम, म्हणजे गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन. छान झालं या खुशीत मी पोट बंद करत होतो. बॉसनी ट्रेमधला स्पेसिमेन, म्हणजे कापून काढलेला भाग, उचलला, धुतला आणि दिव्याखाली सावकाश फिरवला. गुदाशयाभोवतीची चरबी आपल्या पातळ आवरणासकट गुळगुळीत, चकचकीत निघायला हवी. इंग्लंडात बेझिंगस्टोकच्या बिल हील्डने १९८२ साली कॅन्सर परत का उलटतो हे सांगताना याच चरबीकडे बोट दाखवलं होतं; ती मागे राहिली की घात. माझ्या स्पेसिमेनला मागून बोटाच्या पेराएवढी खाच होती. फोर्सेप्सचं टोक तिच्यात टेकवून बॉस एवढंच म्हणाले, “इथं घाई केलीस.” पेशंट आठव्या दिवशी चालत घरी गेला. नातेवाईक पेढे घेऊन आले. पुढची दोन वर्षं मात्र त्याच्या प्रत्येक फॉलोअपला माझ्या पोटात गोळा यायचा. अपेंडिक्समधली चूक आठवड्यात बोंब मारते; कॅन्सर सर्जरीतली दोन-दोन वर्षं गप्प बसते. तोवर शिकणारा पोरगा पास होऊन दुसऱ्या गावी गेलेला असतो.

आणि नुसता गुरू मोठा असून भागत नाही. डचांनी १९८९ ते १९९३ मध्ये जठराच्या कॅन्सरवर भोवतालच्या जास्त लसीका ग्रंथी काढणारी जपानी पद्धत करून पाहिली. टोकियोहून सासाको नावाचे सर्जन मुद्दाम शिकवायला आले, थिएटरात उभे राहिले. तरी त्या गटात ऑपरेशननंतर १० टक्के दगावले, जुन्या पद्धतीत ४ टक्के. प्लीहा आणि स्वादुपिंडाचा शेंडा काढणं बऱ्याच जणांना भोवलं, हे खरंच. पण सातशेच्या वर पेशंट ऐंशी रुग्णालयांत वाटलेले. एकेकाचा हात बसणार कधी? पंधरा वर्षांनी हिशेब मांडला, तर जठराच्या कॅन्सरने गेलेले जपानी गटातच कमी निघाले. हात केसेस करूनच बसतो, म्हणून चिऊने तिथल्या केसेसचा आकडा विचारायला लाजू नये.

आता एक तुझ्यासाठी, रागावू नकोस. परवा मांडीवर गाठ आलेली एक बाई आली. कुठेतरी चरबीची गाठ म्हणून काढली होती. आधी एमआरआय नाही, बायोप्सी नाही. निघाला सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागांतला कॅन्सर. छेद मांडीला आडवा! उभा असता तर पुन्हा काढताना थोडक्यात निभावलं असतं. आता तो अख्खा व्रण भोवतालच्या कातडीसकट काढायचा, वर प्लास्टिक सर्जन बोलवायचा. तो आडवा छेद घेणारा तुझ्या-माझ्यासारखा एम.एस.च असणार, आणि एम.एस.च्या तीन वर्षांत त्याला हे कुणी सांगितलंच नसणार. गाठी पहिल्यांदा येतात त्या तुमच्यासारख्या जनरल सर्जनांकडे, आम्हा कॅन्सरवाल्यांकडे नंतर.

चिऊला दिवाळीनंतर पंधरा दिवस इकडे पाठव. पहिला आठवडा थिएटरात घेणार नाही, आमच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंच्या टेबलाशी उभी करतो; त्या आम्हाला कशा झापतात ते बघू दे. राहायची काळजी नको, हिने वरची खोली झाडून ठेवली आहे.

तुझा,
पक्या