डिटेक्टर केकाटला म्हणजे कॅमेरा असतोच असं नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

छुप्या कॅमेऱ्यांवरच्या तुमच्या रविवारच्या लेखात सगळ्यांना सरसकट 'आरएफ डिटेक्टर', म्हणजे रेडिओ लहरी जाणवल्या की केकाटणारी डबी, घ्यायला सांगितलंय. मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली आहे, पंचवीस वर्षं रेडिओत रमलेय, म्हणून राहवलं नाही.

माझी भाची कर्वेनगरला पीजीत राहते. तिने अठराशे रुपये मोजून तसली एक डबी ऑनलाइन मागवली. पलंगाच्या उशाशी नेली की डबी केकाटायची. पोरगी दोन रात्री झोपली नाही. तिसऱ्या दिवशी मी गेले. आधी दोघींचे मोबाइल बंद केले, मग पॅसेजमधल्या वायफाय राउटरचं बटण बंद केलं. डबी गप्प! राउटर भिंतीपलीकडे बरोब्बर उशाच्या मागे होता.

मग लॅपटॉपला एसडीआर डोंगल लावला, म्हणजे रेडिओ लहरी स्क्रीनवर दाखवणारा छोटा यूएसबी रिसीव्हर. ही वस्तू मुळात टीव्ही बघायची. 2012च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आलं, की त्यातली आरटीएल2832यू चिप लहरींचा कच्चा डेटाही देते. म्हणून आज दोन-चार हजारांत रिसीव्हर मिळतो. स्क्रीनवर 433.92 मेगाहर्ट्झला एक रेघ उमटली आणि भाचीने माझा दंड धरला. त्याच क्षणी शेजारच्या फ्लॅटमध्ये टिंगटाँग. दूधवाला. वायरलेस बेल होती!

पण माझा डोंगलही साधारण 1.7 गिगाहर्ट्झच्या वर आंधळा, आणि वायफाय कॅमेरे बहुधा 2.4वर बोलतात. शिवाय नुसता मेमरी कार्डावर रेकॉर्ड करणारा कॅमेरा हवेत काहीच सोडत नाही. त्याच्यापुढे डबी काय नि मी काय, दोघी बहिऱ्या. तिथे साधा टॉर्च लागतो. दिवे घालवून, टॉर्च डोळ्यालगत धरून प्लगपॉइंट, घड्याळ, एसीची जाळी सावकाश न्याहाळायची. भिंग असेल तर बारीक ठिपका चमकतो. आमच्याकडे चमकली ती आरशावर आधीच्या मुलीने चिकटवलेली खड्याची टिकली.

लेखात हे यायला हवं होतं. काही जण जॅमरही (लहरींचे सिग्नल अडवणारं यंत्र) सुचवतात. तो खासगी माणसाने वापरणं बेकायदा आहे. कॅमेरा सापडलाच तर त्याला हात न लावता फोटो काढावा आणि 112ला फोन करावा. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 अशा चोरून बघणाऱ्यांसाठीच आहे.

डबी आता माझ्या टेबलावर असते. मोबाइल वाजायच्या क्षणभर आधी ओरडते, तेवढीच करमणूक.

— एक हॅम वाचक, सदाशिव पेठ, पुणे