मुक्तास, पहिली स्पोर्ट बाईक घेण्याआधी

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही गाड्यांचे फोटो मोठे करकरून पाहिले. बाबांशी माझं बोलणं झालंय, त्यामुळे गाडी घ्यायची की नाही हा विषय आता घरात संपला. पैसे तुझ्या पगाराचे, आवड तुझी, आणि मुलीने असली गाडी चालवू नये असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, हे तुला माहीत आहे. पण गाडी कोणती घ्यायची यावर मला बोलू दे. इतकी वर्षं विम्याच्या क्लेमसाठी अपघातातल्या गाड्यांचे सर्व्हे करते आहे. ते सगळं तुझ्या कामाला आलं नाही तर काय उपयोग?

पहिलं म्हणजे, ती केटीएमची आरसी ३९० नको. ३७३ सीसीचं इंजिन आणि ४३ अश्वशक्तीच्या आसपास ताकद. तू आजवर चालवलीस ती स्कूटर, तिच्या निदान पाचपट. ही ताकद सरळ रस्त्यावर भीती दाखवत नाही, उलट मजा वाटते. ती कळते वळणात. गाडी कललेली असताना अचानक खड्डा दिसतो, अंग दचकतं आणि मनगट आपोआप अ‍ॅक्सिलरेटरची मूठ ओढतं. नव्या माणसाचा हात अजून मोजून हलत नसतो, त्यात दोष कुणाचाच नाही. दीडशे सीसीची गाडी ही गोष्ट पोटात घालते, ३९० घालत नाही. शिवाय ती तुला दीड लाखात मिळते आहे म्हणून मोठी गाडी स्वस्तात पडली असं वाटेल. गाडी जुनी झाली तरी तिचे टायर, चेनसेट, डिस्क नव्या ३९०च्या भावानेच घ्यावे लागतात. आणि एवढी ताकदवान गाडी एवढ्या कमी किमतीला सुटते आहे, तर आधीच्या मालकाने ती कशी चालवली हा प्रश्न आधी डोक्यात यायला हवा.

तुझ्या यादीतली यामाहा आर१५ व्हर्जन ३ मला पटते. १५५ सीसी, १९ अश्वशक्तीच्या जवळपास, वजन १४० किलोच्या आसपास, सहा गिअर. ताम्हिणीत चढताना कमी पडणार नाही आणि कोथरूडच्या सिग्नलवर हाताबाहेरही जाणार नाही. मात्र पासिंगचं वर्ष बघ. हे मॉडेल आपल्याकडे २०१८ साली आलं तेव्हा त्यात एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नव्हतं, ते २०१९पासून आलं. म्हणून २०१८ची गाडी कितीही चकचकीत असली तरी घेऊ नकोस. दहा-पंधरा हजार वाचतील, पण पहिल्या पावसात कुणीतरी आडवं आल्यावर तू पुढचा ब्रेक घट्ट दाबणार, हे मला आत्ताच दिसतंय. एबीएसचा भरवसाही सरळ ब्रेकिंगलाच धरायचा. वाळूवर, वळणात गाडी कललेली असताना ते तुला सांभाळून घेईल असं समजू नकोस.

या गाडीचं सीट ८१५ मिलिमीटर उंच आहे. तू दोन्ही बाजूंना टाचा उचलूनच उभी राहशील. बसून बघ, उतारावर गाडी एकटीने मागे ढकलून बघ. जमलं नाही तर हट्ट नको, सुझुकी जिक्सर एसएफ बघ. तिचं सीट खाली आहे, हँडल थोडं वर आहे, इंजिन हवेवर थंड होणारं, म्हणजे रेडिएटर, कूलंट यांची कटकट नाही. ऑफिसला रोज जायचं तर मनगटं आणि पाठ तिच्यावर कमी दुखतील. दिसायला ती आर१५ नाही, हे मान्य.

आता गाडी बघायला जाशील तेव्हाचं. मालकाला आधीच सांग की इंजिन थंड असू दे, मी आल्यावरच सेल्फ मारायचा. सायलेन्सरजवळ हात नेऊन, न टेकवता, तो गरम नाही याची खात्री कर. आधीच तापवून ठेवलेली गाडी सकाळची खरखर लपवते.

मग गाडी पडली आहे का ते बघायचं, आणि इथे घाई करू नकोस. जुनी स्पोर्ट बाईक बहुतेक वेळा पडलेलीच असते. प्रश्न कशी पडली हा आहे. स्टँडवरून कलंडलेल्या गाडीला हँडलच्या टोकाला, लिव्हरच्या टोकाला आणि फूटरेस्टला एकेक घासलेला ठिपका असतो. त्याचं काही नाही, पाचशे-हजार रुपये भावात कमी करून घे. धावती गाडी घसरली असेल तर फेअरिंगवर, म्हणजे बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर, आणि इंजिनच्या कव्हरवर पुढून मागे जाणाऱ्या लांब रेघा असतात. तेही एक वेळ चालेल. तिसरा प्रकार समोरून धडकलेल्या गाडीचा, आणि ती गाडी तिथेच सोडून यायची. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळव. टाकीच्या पुढे, जिथे शॉकअपची टी, म्हणजे पुढचे दोन्ही शॉकअप एकत्र धरणारा भाग, चेसिसला जोडली जाते, तिथे टॉर्च मार. रंगाला सुरकुती, बारीक भेग किंवा नवा रंग दिसला तर पुढे काही बघू नकोस. हँडल अडवणारा छोटा ठोकळा असतो, तो दबला किंवा वाकला असेल तरी तेच. पुढच्या टायर आणि रेडिएटरमधलं अंतर दोन्ही बाजूंनी सारखं आहे का, रेडिएटरच्या जाळ्या चेपल्यात का, तेही बघ. फेअरिंग नवंकोरं असेल तर आनंदून जाऊ नकोस. इतक्या जुन्या गाडीला नवं फेअरिंग का लागलं, हे स्पष्ट विचार. बाजारातलं लोकल फेअरिंग सांध्यांत फटी ठेवतं आणि स्क्रूच्या जागी प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधलेल्या सापडतात.

तिसरी गाडी एमएच-१० पासिंगची आहे, म्हणजे आपल्या सांगलीचीच. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी इथे दिवसचे दिवस उभं होतं आणि हजारो गाड्या त्यात बुडाल्या. माझ्या कामातला तो सगळ्यात वाईट काळ होता. ज्या गाड्या पूर्ण नुकसान म्हणून निघाल्या त्यांतल्या कितीतरी भंगारात घेतल्या गेल्या, धुऊन, वायरिंग सांधून पुन्हा विकल्या गेल्या. असल्या गाडीचं सीट काढ, वायरिंगचे जोड उघडून बघ. आत वाळलेला बारीक गाळ असतो, तो कितीही धुतला तरी जात नाही. हेडलाइटच्या आत मातीची रेघ, मीटरच्या काचेआड वाफ, सीटच्या फोमला कुबट वास, हीही लक्षणं. इंजिन सुरू होतं म्हणून फसू नकोस. अशी गाडी पुढच्या पावसाळ्यात, रात्री, रस्त्याच्या मधोमध बंद पडते.

बाकी गोष्टी मेकॅनिक बघेलच: पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ, कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, अडकल्यासारखं वाटणं, चेनच्या चक्राचे दाते टोकदार झालेले. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी एवढा जुना टायर कडक झालेला असतो, त्याचे पैसे भावातून वजा कर.

कागदांत एक जागा अशी आहे जिथे हुशार माणसंही फसतात. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, घ्यावाच लागतो. मालक म्हणेल, ‘विमा अजून चालू आहे.’ तो खोटं बोलत नसतो, पण चालू असतो तो थर्ड पार्टी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुतेकांनी पहिल्या वर्षानंतर सोडून दिलेला असतो. म्हणून आधीच्या पॉलिसीची प्रत माग आणि नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, टक्क्यांतला आकडा बघ. वीस, पंचवीस, पस्तीस असा चढत गेला असेल तर गाडीवर क्लेम नाही. मध्येच शून्य झाला असेल तर का झाला ते विचार. तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुझ्याकडे येत नाही, त्याचे पैसे भावात मोजू देऊ नकोस. गाडी ताब्यात आल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा तुझ्या नावावर करायचा अर्ज दे. पॉलिसी जुन्याच नावावर राहिली आणि काही झालं, तर नुकसानभरपाई हातची जाते. हे रडवेल्या चेहऱ्यांनी माझ्या टेबलासमोर बसलेल्या मुलांकडून मी फार वेळा ऐकलंय.

टीटी फॉर्म, म्हणजे गाडी तुझ्या नावावर करायचे नमुना २९ आणि ३०, मालकासमोर भरून घे. कोऱ्या कागदावर सही घेऊन ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नकोस. आरसी बुकवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि तो बोजा उतरवायचा नमुना ३५ हवाच. सांगलीची गाडी पुण्यात आणायची तर इथल्या आरटीओची एनओसी, नमुना २८, लागते का तेही विचारून घे. ई-चलान किती थकलेत ते गाडीचा नंबर टाकून आधी बघ, ते मालकाने भरायचे. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलेला असेल तर मूळचा माग. तो नसेल तर पोलीस पहिल्याच नाक्यावर अडवतील.

आणि तुझं लायसन्स. ते तू स्कूटरवर काढलंस, त्यावर विनागिअर लिहिलंय. त्यात गिअरच्या गाडीची भर घातल्याशिवाय एक किलोमीटरही चालवायची नाही. लर्निंग काढ, महिनाभर मैत्रिणीच्या जुन्या पल्सरवर क्लच आणि ब्रेक शीक, रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात. मालकासाठीचं पंधरा लाखांचं अपघात संरक्षणही लायसन्स योग्य असेल तरच लागू होतं.

तुझ्याकडच्या दीड लाखातले पंचवीस हजार आत्ताच बाजूला काढ. आयएसआय शिक्क्याचं पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, कोपर-खांद्याला पॅड असलेलं जॅकेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट. म्हणजे गाडीसाठी सव्वा लाख उरतात, आणि तेवढ्यात व्हर्जन ३ची चांगली गाडी शोधायला वेळ लागला तर लागू दे.

आर१५वाल्याला शनिवारी सकाळी येते असं सांग. आरसी बुक, जुन्या पॉलिसीची प्रत आणि चेसिस नंबरचा जवळून घेतलेला फोटो मला शुक्रवारपर्यंत पाठव, मी इथे बसून तपासते. तिथे गेल्यावर व्हिडिओ कॉल लाव, टाकीच्या पुढची जागा मला स्वतः बघायची आहे.

तुझी,
आई