बंपरवरचा ओरखडा

प्रिय आई-बाबा,

परवा तुमच्याकडून निघताना गाडीच्या पुढच्या बंपरवर ओरखडा दिसला. चांगला हातभर लांब, आणि त्यात दुसऱ्या गाडीचा लाल रंग उतरलेला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "जुनाच आहे." मग आईनं बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की वळणावर एक मोटरसायकलवाला पडला होता. त्याचा गुडघा सोलवटला, बाकी निभावलं. "तुला काळजी नको, म्हणून बोललो नाही." आई, धडक झाली त्यापेक्षा ती माझ्यापासून लपवलीत याचंच मला जास्त लागलंय.

बाबा, तुम्ही आईला म्हणालात ना, की दोन्हीकडे नीट पाहिलं होतं, तो कुठून उगवला कळलंच नाही? माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पुढच्या काचेच्या कडेला जो खांब असतो, त्याच्याआड अख्खी मोटरसायकल लपते. आपण वळत असतो, तो येत असतो, आणि कधी कधी दोघांचा वेग असा जुळतो की तो शेवटपर्यंत त्या खांबाआडच राहतो. म्हणून वळण्याआधी नुसती मान फिरवून भागत नाही, कंबरेतून थोडं पुढे-मागे झुकून पाहावं लागतं. पण तुमची मान हल्ली पुरती वळत नाही. गाडी मागे घेताना तुम्ही निव्वळ आरशांच्या भरवशावर घेता, हे मी दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा गप्प बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट नजरेत आली. पूर्वी तुम्ही मागे रेलून, ऐसपैस बसून गाडी चालवायचात. आता स्टिअरिंगला खेटून बसता. मला वाटतं, समोरचं स्पष्ट दिसत नाही म्हणून तुमच्याही नकळत सीट पुढे सरकत गेली आहे. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते, आणि छाती तिच्या फार जवळ असेल तर तिचाच मार बसतो. मधे निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं, म्हणजे वीतभराहून थोडं जास्त. सीट मागे घ्याच, पण त्याआधी डोळे तपासा. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश साठीनंतर पोचतो. तुम्ही एकाहत्तरचे आहात. रात्री समोरून दिव्याचा झोत आला की तुम्ही म्हणता, "क्षणभर काही दिसत नाही." तो क्षण आता दोन-तीन सेकंदांचा झालाय. ताशी ५० च्या वेगानं गाडी एका सेकंदात १४ मीटर जाते. तीन सेकंद म्हणजे चाळीसेक मीटर डोळे मिटून जाणं. मोतीबिंदू असेल तर तो काढता येतो, पण आधी कळायला तर हवा. तोवर अंधार पडल्यावर आणि जोराच्या पावसात गाडी काढू नका, एवढं माझं ऐका. सर्दीची गोळी घेतली असेल तर दिवसासुद्धा नको, तिनं गुंगी येते.

आई, आता तुझं. पट्टा गळ्याला काचतो म्हणून तू तो काखेखालून घेतेस. तसं करू नकोस गं. धक्का बसला तर सगळा जोर बरगड्यांवर येतो, आणि तुझी हाडं आधीच ठिसूळ झाली आहेत. दाराच्या खांबावर, जिथून पट्टा येतो तिथं एक बटण आहे. ते दाबून खाली सरकवलं की पट्टा गळ्यावरून खांद्यावर येतो. आणि "आम्ही कुठे जोरात जातो, चाळीसच्या वर काटा जात नाही" असं तू नेहमी म्हणतेस. ४० च्या वेगानं गाडी भिंतीवर आदळली तर तो धक्का सहा मीटरांवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडल्याइतका असतो. हे गणित मी स्वतः मांडून पाहिलं आणि मलाच घाम फुटला.

आणि एक चूक माझी आहे. ऑफिस सुटलं की मी फोन करते, तेव्हा बरेचदा तुम्ही गाडीत असता. आई फोन स्पीकरवर टाकते, बाबांच्या कानाजवळ धरते, आणि बाबा वळता वळता माझ्या नोकरीबद्दल विचारतात. त्या दिवशी वळणाच्या थोडं आधी माझाच फोन होता, हो ना? आईनं सांगितलं नाही, पण मी कॉलची वेळ काढून पाहिली. हात स्टिअरिंगवर असले तरी बाबांचं लक्ष माझ्याकडे होतं. त्या मुलाचा गुडघा माझ्यामुळेही सोलवटला.

किल्ली काढून घ्यायला मी निघालेली नाही, बाबा. तुम्हीच मला गाडी शिकवलीत. शेजारी बसून "ब्रेकवर पाय तयार ठेव" असं शंभरदा म्हणायचात, ते अजून माझ्या कानात आहे. रविवारी मी येते. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते, आपण त्याच वळणावरून जाऊ. सोमवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मीच घेऊन जाईन.

आई, तोवर निघताना "निघालो" आणि पोचल्यावर "पोचलो" एवढं पाठव. मधल्या वेळात माझा फोन येणार नाही. आला, तर उचलू नका.

तुमची लेक