पंपावरच्या मुलांसाठी पुन्हा एकदा आवाहन

सप्रेम नमस्कार,

ठाण्यात कोपरीपासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे तुर्भ्यापर्यंत पेट्रोल पंपावरच्या मुलांना आग विझवायला शिकवण्याचं आणि सुरक्षेचं सामान देण्याचं आपलं काम सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ओळख करून देत बसत नाही. पण आधी ऋण मानायलाच हवं. कळव्याच्या आपल्या टेलरकाकांनी गेल्या पावसाळ्याआधी साठ सुती गणवेश शिवून दिले, शिलाईचा एक रुपया घेतला नाही. नौपाड्याच्या मुख्याध्यापिका बाई आता ऐंशीच्या घरात आहेत, तरी पेन्शनमधून बाजूला काढलेलं पाकीट घेऊन तीन जिने चढून स्वतः कार्यालयात आल्या. अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या आपल्या साहेबांनी भर मे महिन्यात दोन रविवार उन्हात उभं राहून मुलांना शिकवलं. रिक्षा स्टँडवाल्यांनी डबा फिरवून चिल्लर जमवली, ती मोजायला आम्हाला अख्खी संध्याकाळ लागली. ही माणसं नसती तर काहीच झालं नसतं.

आता निकड सांगतो. गेल्या महिन्यात एका पंपावर वाळूची लाल बादली उचलायला गेलो. पावसाचं पाणी मुरून वाळू दगडासारखी घट्ट झालेली, वर गुटख्याच्या पिचकाऱ्या. शेजारी आग विझवायचा नऊ किलोचा पावडरचा सिलेंडर होता, सील शाबूत. तिथला पोरगा चार वर्षं नोझल हाताळतोय, पण पिन एकदाही ओढलेली नाही. कारण साधं आहे. सिलेंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो आणि परत भरायला पैसे लागतात, म्हणून सरावाला कुणी हात लावू देत नाही. पेट्रोलची वाफ मात्र कुणासाठी थांबत नाही. ती हवेपेक्षा जड, पायाशीच साचते आणि उणे 40 अंशांनाही पेट घेऊ शकते. टँकर खाली करताना अर्थिंगची, म्हणजे साचलेली स्थिर वीज जमिनीत उतरवणारी, क्लिप नीट बसली नाही तर एक ठिणगी पुरते. अंगात पॉलिस्टर असेल तर ते वितळून कातडीला चिकटतं. शिवाय शिफ्टभर नाकातोंडात जाणारं पेट्रोलमधलं बेंझिन, ज्यानं रक्ताचा कर्करोग होतो. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर जवळ आहे खरं, पण आपल्या एकाही पोराला तिथे जावं लागू नये.

ही मालकांची जबाबदारी आहे, हे आम्ही त्यांना तोंडावर सांगतो. काहीजण पाळतातही. बाकीच्यांची वाट बघत बसवत नाही.

2024 च्या मे महिन्यात घाटकोपरला पंपावर होर्डिंग कोसळून 17 जण गेले, तेव्हा चार दिवस सगळे हळहळले. त्यानंतर आम्ही दोनशे सोसायट्यांना पत्रं दिली. उत्तरं आली अकरा. रोज ज्याच्या हातून गाडीत पेट्रोल भरून घेतो, त्याच्यासाठी पोचपावतीसुद्धा मिळू नये, याचं वाईट वाटलं. ते इथे लिहितो आणि विसरतो.

या वेळी सरावाच्या सिलेंडरचं रिफिलिंग, सुती गणवेश, बूट, नाइट्राइल हातमोजे आणि रात्रपाळीसाठी चमकती जॅकेटं हवी आहेत. एका मुलामागे साधारण दोन हजार रुपये, मुलं एकशेवीस. रक्कम चेकने किंवा रोख कोषाध्यक्षांकडे, पावती घेतल्याशिवाय देऊ नये. कार्यालय संध्याकाळी 6 ते 8, सोमवारी बंद. बूट वस्तुरूपात द्यायचे तर माप आधी विचारा. सराव येत्या रविवारी सकाळी 8 वाजता, नेहमीच्या मैदानावर. सोसायट्यांच्या वॉचमननाही पाठवा, सिलेंडर त्यांच्या हाताशीही असतो.

आपला,
सचिव